गोल खूण

४ फेब्रुवारी

दुपारी वहिनींचा फोन आला. मोठ्या भावाची बायको असून त्यांचे फोन मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. दादाच्या फुप्फुसांनी हात टेकलेत म्हणे. डॉक्टरांनी स्पष्ट काही सांगितलं नाही, पण "जे राहिलंय ते करून घ्या" एवढं म्हणाले. दादाचं राहिलंय ते म्हणजे एकदा घरी यायचंय. मार्चअखेर आणते म्हणाल्या.

मी या म्हटलं. नाही कसं म्हणणार? घर दोघांचं आहे, जरी राहिलो मी एकटाच.

तो का येतोय ते मला ठाऊक आहे. अडतीस वर्षांपूर्वी, एकोणीस जूनला, दादा आईला घेऊन आपली गाडी चालवत उतारावरून खाली आला आणि तळाच्या पुलाच्या कठड्यावर आदळला. तो खरचटण्यावर सुटला. आईच्या कमरेचा चुरा झाला. त्यानंतर अकरा वर्षं ती अंथरुणावर होती आणि तिचं सगळं मी केलं. सगळं म्हणजे सगळं. दादा शेवटपर्यंत एकच घोषा लावून बसला, ब्रेक लागलाच नाही. बाबांनी गाडी तपासून सांगितलं, ब्रेक ठीक आहे, तू वेगात होतास. नाचता येईना अंगण वाकडं. वर्षभरात तो घर सोडून गेला.

संध्याकाळभर विचार केला. माफ करायचं तर नीट करावं, कंजूषपणा नको. गाडी मागच्या शेडमध्ये पडूनच आहे. ती चालू करायची, दादाला शेजारी बसवायचं, त्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं आणि म्हणायचं, बघ, संपलं. बोलायला सोपं जाईल. आम्हा घरच्या माणसांना हातात काम असल्याशिवाय बोलता येत नाही.

७ फेब्रुवारी

ताडपत्री काढली. उंदरांनी मागच्या सीटवर पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेले दिसतात. पिस्ता रंग आता शेवाळासारखा झालाय. बाबा होते तोवर दर रविवारी इंजिन चालू करायचे, पण गाडी जागची हलवायचे नाहीत. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक, ज्याला सगळे फोरमन म्हणतात, तो बघायला आला. चारी बाजूंनी फिरला, वाकून खाली पाहिलं. शेवटी म्हणाला, "घड्याळवाले, ही गाडी आहे की तुमचं दुकान?"

त्याचंही खरं. बाबा घड्याळजी. मीही घड्याळजी, दुकान आता माझं, म्हणजे बॅटऱ्या बदलायचं दुकान. बाबांनी आयुष्यात गाडी कधी गॅरेजला दाखवली नाही. काच वरखाली करायचा दांडा तुटला तर भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली बसवली. दाराच्या कडीत गजराच्या घड्याळाची स्प्रिंग. कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीला भोक पडलं तर घड्याळाच्या बारीक डाखाने बुजवलं. फोरमन एकेक बघत होता आणि हसू दाबत होता. मी म्हटलं, हसा, पण यातलं एकही निखळलेलं नाही.

आणि प्रत्येक ठिकाणी खूण आहे. घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणाच्या आतून तारीख आणि आपली खूण कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्या उघडणाऱ्याला कळावं कुणाचा हात लागलाय. बाबांनी ती पद्धत गाडीलाही लावली. त्यांचा त्रिकोण. दादाची फुली. माझं गोल. धातूवर गोल कोरणं सगळ्यांत अवघड, दादाला कधी जमलं नाही.

१२ फेब्रुवारी

टाकी काढली, पाण्याच्या नळ्या काढल्या. पाठीचा कणा म्हणतो, वय बघ.

१५ फेब्रुवारी

आज दादाच्या फुल्या मोजल्या. सात सापडल्या. सगळी कामं धसमुसळी. एका बोल्टला वायसर दोन घातलेत कारण भोक मोठं पाडून ठेवलंय. त्याच्यात धीर नव्हता. चालवायचाही तसाच.

माझी गोलं चार. हॉर्नची तार, वायपर, मागचा दिवा आणि ब्रेकचा सिलिंडर. पहिली तीन पाहिली. चौथं तिथं असणार, अजून खाली घुसलेलो नाही. ब्रेकचं काम मला आजही लख्ख आठवतं. मी सोळा वर्षांचा, अपघाताच्या महिनाभर आधी, मे महिना. पेडल जड लागतं अशी बाबांची तक्रार होती. ते गावच्या मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायला गेले होते. मी सिलिंडर उघडला, आतली रबरं काढली, पुसली आणि मनोऱ्याच्या घड्याळाचं ते उंची तेल आहे ना, त्यात बुडवून परत बसवली. लोण्यासारखी सरकायला लागली. बाबांनी संध्याकाळी पेडल दाबून पाहिलं आणि नुसती मान हलवली. बाबांची मान हलली म्हणजे काय ते घड्याळजीच्या पोरालाच कळतं.

म्हणून तर दादाने ब्रेकचं नाव घेतलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो ब्रेक माझ्या हातचा होता.

२७ फेब्रुवारी

इंजिन चालू झालं! आधी खोकलं, मग धूर सोडला, मग धरलं. फोरमनने टोपी काढली. मी दुकान बंद करून चहा पाजला त्याला. बऱ्याच वर्षांनी घरात कुणी मोठ्याने बोललं.

दादाला फोन करावासा वाटला. केला नाही. आधीच सांगितलं तर मजा काय?

३ मार्च

सिलिंडर काढला. त्यावर बाबांचा त्रिकोण आहे आणि तारीख २४ जून. म्हणजे अपघातानंतर पाच दिवसांनी. ब्रेक ठीक होता तर बाबांनी तो उघडला कशाला? बहुतेक खात्री करून घ्यायला. बाबा तसेच होते, चालू घड्याळही उघडून बघतील.

माझं गोल तिथं नाही. त्रिकोणाच्या शेजारी पॉलिश पेपरने घासल्यासारखा एक गुळगुळीत डाग आहे. साफ करताना गेलं असेल.

५ मार्च

नवी रबरं आणली. मी कपाटातून मनोऱ्याच्या तेलाची बाटली काढली, तळाशी अजून चार बोटं आहे. फोरमनने बाटली माझ्या हातातून काढूनच घेतली. म्हणाला, "अहो, या रबराला असलं तेल? फुगून खव्यासारखं होईल. पंधरा दिवस, महिनाभर छान चालेल, आणि मग एक दिवस पेडल थेट तळाला जाईल." ब्रेकच्या रबराला ब्रेकचंच द्रव लागतं, दुसरं काहीही नाही, हे गॅरेजातलं शेंबडं पोरही सांगेल म्हणे.

मी म्हटलं, आमच्या वेळची रबरं वेगळी होती. तो म्हणाला, "आणखी कच्ची होती."

फोरमनला गाड्यांतलं कळतं, तेलातलं काय कळतं? तीन पिढ्या आम्ही तेल ओळखतो.

६ मार्च

एक नवं रबर वाटीत तेलात घालून दुकानाच्या टेबलावर ठेवलं. व्यास बावीस पूर्णांक दोन मिलिमीटर. रोज मोजायचं. फोरमनच्या तोंडावर मारायला पुरावा हवा.

७ मार्च

२२.५. एवढा फरक हात थरथरल्यानेही पडतो.

९ मार्च

२३.१. हात थरथरत नव्हता. तीनदा मोजलं.

११ मार्च

२३.९. कड चिमटीत धरली तर वाकते आणि वाकलेलीच राहते.

आज दुकानात एक बाई मुलाचं घड्याळ घेऊन आल्या, त्यांना मी चुकीचं घड्याळ दिलं.

१४ मार्च

२४.६. मोजणं बंद केलं. वाटी मोरीत ओतली. रबर बोटाला चिकटून येत होतं.

पण म्हणून सिद्ध काय झालं? नव्या रबराचं झालं ते जुन्या रबराचं झालंच असेल असं कुठे आहे? बाबांनी तपासलं होतं. बाबा खोटं बोलत नसत. गिऱ्हाइकाला घड्याळ भंगारात विका म्हणून सांगतील, पण चालेल म्हणून खोटं सांगणार नाहीत. आणि स्वतःच्या मुलाबद्दल, ज्याने आईला अंथरुणाला खिळवलं, त्याच्याबद्दल ते खोटं का बोलतील?

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आईच म्हणायची. कुठल्या संदर्भात म्हणायची ते आता आठवत नाही.

१६ मार्च

डॅशबोर्डमधलं घड्याळ मी शेवटी उघडायचं ठरवलं होतं. गोड शेवटी खातात तसं. पण आता दुसऱ्या कुठल्याही कामात जीव लागेना, म्हणून आज काढलं.

घड्याळाच्या मागे, तारांच्या आत, एक पुडी होती. बाबांची पुडी. आमच्या दुकानात काढलेला भाग फेकायचा नाही, कागदात बांधायचा आणि कागदावर चार ओळी लिहायच्या. तारीख, भाग, दोष आणि शेवटी बाकी, म्हणजे त्या कामातलं काय करायचं राहिलंय ते. अशा हजारो पुड्या मी स्वतः बांधल्यात.

आत रबरं होती, दोन. एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालाय. कागद तेलाने पारदर्शक झालाय, पण अक्षर वाचता येतं. जसंच्या तसं उतरवतो.

तारीख: २४ जून.
भाग: ब्रेकची रबरे, २.
दोष: तेल लावल्याने फुगली. गोल खूण.
बाकी: मोठ्याला सांगणे.

खाली त्रिकोण.

१७ मार्च

दुकान उघडलं नाही.

१९ मार्च

बाबांना माहीत होतं. पाचव्या दिवसापासून माहीत होतं. त्यानंतर ते एकोणीस वर्षं जगले. दादा ओसरीवर उभा राहून रडत सांगत होता, बाबा, पेडल तळाला गेलं हो. आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ब्रेक ठीक आहे. मी तिथं उभा होतो. मी मान डोलावली होती.

आणि आईचं. दादा म्हणत होता, मी नोकरी सोडतो, मी बघतो आईचं. बाबा म्हणाले, नको, धाकटा करेल. किती फुशारलो होतो मी! बाबांचा विश्वास माझ्यावर म्हणून. अकरा वर्षं तिला कुशीवर वळवताना, पाठीच्या जखमा धुताना, मी मनात दादाच्या नावाने बोटं मोडत होतो. लग्न केलं नाही, त्याचं बिलही त्याच्याच नावावर फाडलं. तो विश्वास होता की शिक्षा, हे आता कुणाला विचारू?

सोळा वर्षांच्या मला वाचवलं त्यांनी. बरं केलं असंही म्हणवत नाही, वाईट केलं असंही म्हणवत नाही. फक्त वाटतं, मला सांगितलं असतं तर मी मेलो नसतो. किंवा मेलो असतो. काहीतरी एक झालं असतं.

२२ मार्च

ठरलं. दादा आला की पुडी त्याच्या हातात द्यायची आणि पाय धरायचे. एवढंच. बाबांचं बाकी राहिलेलं काम मी पुरं करणार. आज भात दोन घास जास्त गेला.

२९ मार्च

दादा येऊन गेला.

सगळं लिहून काढतो, नाहीतर उद्या मी ते सोयीने आठवेन.

टॅक्सीतून उतरताना मी ओळखलंच नाही. माझ्या आठवणीतला दादा दारातून वाकून यायचा. हा वहिनींच्या खांद्याएवढा. चार पावलं चालला की थांबतो आणि काहीतरी बघत असल्याचं नाटक करतो. वहिनींना बाहेर बसवून तो म्हणाला, चल, गाडी दाखव.

शेडमध्ये त्याने बॉनेटवर हात ठेवला, किल्लीच्या दांड्याने काच खाली केली आणि लहान पोरासारखा हसला. मग सरळ चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसला. मी त्याच्यासाठी शेजारची सीट शिवून घेतली होती. तिच्यावर मी बसलो. पुडी माझ्या शर्टाच्या खिशात होती. मी हात खिशाकडे नेला आणि तेवढ्यात तो बोलायला लागला.

"ब्रेक लागला नाही असं मी म्हणायचो, आठवतं?"

आठवतं म्हटलं.

"आधी मला अगदी स्पष्ट आठवायचं. पाय दिला, पेडल तळाला गेलं. रात्री झोपेतसुद्धा तो पाय जायचा. मग हळूहळू ते पुसट झालं. बाबा म्हणाले ब्रेक ठीक आहे, आणि बाबा काही खोटं बोलायचे नाहीत." तो थांबला, दम घेतला. "आता मला वाटतं, मी पाय दिलाच नसणार. घाबरलो असेन. आणि नंतर स्वतःला वाचवायला ते पेडलचं रचलं असेल. माणूस रचतो रे."

मी म्हणालो, दादा. पुढचं आलं नाही.

"मला बोलू दे, दम पुरत नाही. आईचं सगळं तू केलंस. माझ्या वाट्याचंही तूच केलंस, आणि मी वर तुझ्यावरच रागावून बसलो, तू माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाहीस म्हणून. तू बरोबर होतास. मला माफ कर. एवढंच सांगायला आलोय."

तो माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे हुबेहूब आईचे आहेत, हे मी विसरलो होतो. पुडी खिशात होती. बोटांना कागद लागत होता. एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, "झालं ते झालं, दादा. मनातून काढून टाक."

त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी! त्या हाताला काहीच कसं झालं नाही?

डोळे पुसून तो म्हणाला, चल, एक चक्कर मारू. मी म्हटलं, अजून ब्रेकचं काम व्हायचंय. तो खूप हसला, हसता हसता खोकला, म्हणाला, मग नकोच बाबा.

चार वाजता ते गेले. जाताना वहिनींनी मला वाकून नमस्कार केला. मी धाकटा दीर.

३१ मार्च

पत्र लिहिलं. सगळं, तेलापासून पुडीपर्यंत. पाकिटावर पत्ता घातला.

१ एप्रिल

पत्र टाकायला निघालो तर वहिनींचा फोन. म्हणाल्या, "भाऊजी, हे दोन रात्री सलग झोपले. लग्न झाल्यापासून मी यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात. आता एक करा, तो विषय पुन्हा काढू नका. जेवढे दिवस आहेत तेवढे असेच जाऊ देत."

मी बरं म्हटलं.

त्यांचं बरोबरच आहे. आता सांगून त्याला काय मिळणार? झोप जाईल. बाबांवरचा विश्वास जाईल. आयुष्यभराचा दोष फुकट वाहिला हे कळून माणसाने शेवटच्या महिन्यात काय करायचं? त्याच्या भल्यासाठीच गप्प बसलं पाहिजे.

पत्र फाडलं. फाडताना हायसं वाटलं, हेही लिहितो, कारण ते खरं आहे. बाबांनाही असंच हायसं वाटलं असेल का?

६ एप्रिल

दादाला फोन केला. जेवलास का विचारलं. हो म्हणाला. तू, म्हणाला. मीही हो म्हटलं. आवाजात त्याच्या हलकेपणा होता. मी फोन ठेवला.

११ एप्रिल

ब्रेक झाला. रबरं नवी, द्रव बरोबर, फोरमन स्वतः समोर उभा. पेडल घट्ट लागतं.

सकाळी एकटाच गाडी घेऊन उतारावरून पुलापर्यंत गेलो. कठड्याचा एक भाग अजून वेगळ्या दगडाचा आहे. तिथून दहा हातांवर ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागचा एक माणूस हॉर्न वाजवत होता, म्हणून वळवून परत आलो. आता हिला न्यायचं तरी कुठे?

सिलिंडरवर खूण कोरायला सुई घेतली. हात पूर्वीसारखाच चालतो. गोल नीट आलं.

१२ एप्रिल

आज डॅशबोर्डचं घड्याळ साफ केलं, तेल दिलं, किल्ली भरली. मग पुडी घेतली. बाबांच्या त्रिकोणाखाली आजची तारीख घातली आणि गोल काढलं. 'बाकी' लिहिलेल्या ओळीत खोडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती तशीच ठेवली. पुडी पुन्हा घड्याळाच्या मागे, तारांच्या आत सरकवली आणि वरून घड्याळ बसवून स्क्रू आवळले.

माझ्यानंतर हे घड्याळ उघडणारा घरात कुणी नाही. दुपारी दुकानातल्या घड्याळाशी ताडून पाहिलं, वेळ बरोबर दाखवतंय.